‘सांताना’ची किंमत : पोर्तुगीज आरमार, नगर हवेलीचा साग आणि एक मराठी शब्द

#धागा #इतिहास

१.
तासगावहून समुद्र दिसत नाही. तालुक्यातले पाणी येरळा आणि अग्रणी या नद्यांवाटे कृष्णेला मिळते आणि पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते. अरबी समुद्र सह्याद्रीपलीकडे राहतो. तरीही युरोपातील एका चिमुकल्या राष्ट्राच्या आरमाराचा इतिहास सांगू लागलो की तासगावकरांना घरचा वाटावा असा एक शब्द मध्येच येऊन उभा राहतो. तो शब्द म्हणजे ‘सरंजाम’. १९६० साली द हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाला या शब्दाचा अर्थ लावावा लागला. त्या वादाच्या मुळाशी होते मराठ्यांनी पकडलेले एक पोर्तुगीज जहाज. आजचा धागा त्या जहाजाचा, त्याच्या मोबदल्यात गेलेल्या जंगलाचा आणि त्या जंगलातून जन्मलेल्या दुसऱ्या जहाजाचा.

२.
प्रथम त्या राष्ट्राचा आकार ध्यानात घ्या. पोर्तुगालचे क्षेत्रफळ सुमारे ९२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिथली लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. पूर्वेला बलाढ्य स्पेन, पश्चिमेला अथांग अटलांटिक. जमिनीवर पसरायला जागाच नव्हती. जे काही मिळवायचे ते समुद्रावरून, हे या देशाच्या राज्यकर्त्यांनी पंधराव्या शतकातच ओळखले आणि मासेमारीवर वाढलेल्या दर्यावर्दींच्या हाती राज्याचे भवितव्य सोपवले.

३.
त्यांचे पहिले साधन म्हणजे ‘करावेला’. बांध्याने लहान, उथळ पाण्यात शिरणारे आणि त्रिकोणी शिडांमुळे वाऱ्याशी तिरके झुंजत पुढे सरकू शकणारे हे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याचा शोध घ्यायला उत्तम होते. पण मिरी आणि दालचिनी भरून आणायला पोट मोठे हवे. म्हणून आले ‘नाउ’ : उंच बाजूंचे, तोफा वाहणारे, अवजड मालवाहू जहाज. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा लिस्बनहून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर चार जहाजे होती. मे १४९८ मध्ये ही मंडळी कालिकतजवळ पोहोचली आणि हिंदी महासागराच्या राजकारणात एक नवा खेळाडू उतरला.

४.
पुढच्या काही वर्षांत या खेळाडूने खेळाचे नियमच बदलले. १५१० मध्ये अफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतले. समुद्रावर फिरायचे तर पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजेच ‘कार्ताझ’, घ्यावा लागे. परवाना नसेल तर जहाज जप्त. लिस्बन आणि गोव्याच्या दरम्यान दरवर्षी ताफे ये-जा करू लागले. या मार्गाला ‘कारेरा द इंडिया’ म्हणत. वसंतात लिस्बन सोडायचे, आफ्रिकेला वळसा घालायचा, मोसमी वारा पाठीशी घ्यायचा आणि पाऊस सरताना गोव्याला लागायचे. एका बाजूचा प्रवास साधारण सहा महिन्यांचा. वारा चुकला तर वर्ष बुडाले.

५.
इथे एक साधा प्रश्न विचारायला हवा. एवढ्या जहाजांना लाकूड कुठून येत होते? एक मोठे जहाज बांधायला शेकडो जुनी, भरीव झाडे लागत, आणि लहान देशाचे रान लवकर संपते. या प्रश्नाचे उत्तर पोर्तुगीजांना आपल्या किनाऱ्यावर सापडले : साग. सागात अंगचे तेल असते. तो पाण्याने सहजी कुजत नाही, लोखंडी खिळ्यांना गंज आणत नाही आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांना दाद देत नाही. गोवा, वसई आणि दमण इथल्या गोद्यांत सागाची जहाजे उभी राहू लागली. ती बांधणारे सुतार, लोहार आणि शिडे शिवणारे हात बव्हंशी इथलेच होते.

६.
हे कसब पोर्तुगीजांपुरते राहू नये, हे ओळखणारा राजा याच किनाऱ्यावर झाला. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधायला घेतली तेव्हा रुय लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आणि त्याचा मुलगा त्यांच्या चाकरीत होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला धोका उमगला आणि त्याने या लोकांना फूस लावून पळवून नेले. काम थांबले नाही. एक लहानसे राष्ट्र केवळ जहाजांच्या बळावर किनारा वेठीस धरते, हा धडा महाराजांनी नेमका वाचला होता.

७.
पोर्तुगालची भरती मात्र फार काळ टिकली नाही. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे तो देश स्पेनच्या राजाखाली गेला आणि स्पेनचे शत्रू त्याचेही शत्रू झाले. डचांनी १६४१ मध्ये मलाक्का, १६५६ मध्ये कोलंबो आणि १६६३ मध्ये कोची हिसकावली. मुंबई राजकन्येच्या विवाहकराराबरोबर इंग्रजांकडे गेली. शेवटचा मोठा घाव मराठ्यांनी घातला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई पडली आणि पोर्तुगीजांचा ‘उत्तर प्रांत’ संपुष्टात आला. उत्तरेकडे त्यांच्या हाती उरली ती दमण आणि दीव ही दोन ठाणी.

८.
दमणची अवस्था विशेष अवघड होती. मागे सुपीक मुलूख नाही, पुढे समुद्र आणि भोवती मराठ्यांची सत्ता. किल्ला आहे, गोदी आहे, कारागीर आहेत. पण धान्य आणि लाकूड दोन्ही दुसऱ्याच्या हद्दीतून यायचे. दमणच्या पाठीशी, दमणगंगेच्या वरच्या अंगाला, सागाने भरलेला एक डोंगराळ परगणा होता. वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासींची तिथे वस्ती होती. त्या परगण्याचे नाव नगर हवेली. नदी तिथून वाहत येऊन दमणलाच समुद्राला मिळते. गोदीवाल्याची नजर त्या रानावर न जाती तरच नवल.

९.
आता मराठ्यांच्या बाजूला येऊ. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांचे बळ मोडले. त्या मोहिमेत आंग्र्यांची जहाजे विजयदुर्गाखाली जळाली. आपल्याच किनाऱ्याचे संरक्षण अशा रीतीने दुबळे करण्याबद्दल पेशव्यांना इतिहासकारांनी बोल लावला आहे, आणि तो रास्तच आहे. पण मराठी आरमार तिथे संपले असे समजणे चूक ठरेल. विजयदुर्गाहून पेशव्यांचे स्वतःचे आरमार फिरू लागले आणि धुळप घराण्याने ते पुढे नावारूपाला आणले. १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज पकडले, ती चकमक प्रसिद्धच आहे.

१०.
याच आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगीजांचे ‘सांताना’ हे लढाऊ जहाज पकडले. पोर्तुगीज ते परत मागत राहिले. त्यांनी अनेकदा विनवण्या केल्या, पण जहाज काही परत मिळाले नाही. एका मोठ्या आरमाराच्या लेखी ही किरकोळ हानी ठरली असती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पोर्तुगालजवळ मात्र हिंदुस्थानच्या पाण्यात अशी जहाजे मोजकीच होती. प्रतिष्ठा गेली होती, आणि तोफाही. लढून जहाज सोडवण्याची ताकद नसलेल्या राज्याने मग वकिलातीचा मार्ग धरला. पुण्याच्या दरबारात त्यांचे बोलणे चालवणारा वकील गोव्यातलाच होता : नारायण शेणवी धुमे.

११.
पोर्तुगीजांच्या नशिबाने काळ अनुकूल आला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेने शरणागतीचा तह केला, पण मुंबई आणि कलकत्त्याच्या इंग्रजांना तो मान्य नव्हता. युद्ध पुन्हा पेटणार हे उघड होते. अशा वेळी किनाऱ्यावरचा दुसरा युरोपीय शेजारी इंग्रजांच्या गोटात जाऊ नये, ही नाना फडणिसांची गरज होती. १७ डिसेंबर १७७९ रोजी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला. योगायोग असा, की तासगावात परशुरामभाऊ पटवर्धनांनी गणपतीच्या देवळाचे काम याच १७७९ साली आरंभले होते. गोपुराचे ते देऊळ पुरे व्हायला पुढे वीस वर्षे लागली.

१२.
तहाच्या सतराव्या कलमात पोर्तुगीजांना दमणच्या बाजूला वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावे देण्याचे ठरले. ‘सांताना’च्या नुकसानीची ही भरपाई, अशी समजूत त्यामागे होती. करार झाला तरी गावे लगेच हाती पडली नाहीत. १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या आणि दादरा व नगर हवेलीतील एकूण ७२ गावांचा वसूल पोर्तुगीजांकडे आला. समुद्रावर गमावलेल्या जहाजाच्या बदल्यात जमिनीवरचे रान मिळाले. त्या रानात राहणाऱ्या माणसांना मात्र कोणीही काहीही विचारले नव्हते.

१३.
इथे आपला शब्द येतो. ही गावे कोणत्या हक्काने दिली होती? सरंजाम म्हणून. तासगावच्या वाचकाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही, कारण त्याचे गावच पटवर्धनांच्या सरंजामात होते. सरदाराने फौज बाळगावी, हुकूम येताच चाकरीला हजर व्हावे आणि त्या खर्चासाठी नेमून दिलेल्या महालांचा वसूल घ्यावा, ही ती व्यवस्था. वसूल सरदाराचा, मुलूख मात्र राज्याचा. सरदार मोठा झाला, त्याने वाडा बांधला, देऊळ उभारले, तरी तो त्या भूमीचा सार्वभौम स्वामी होत नसे. देणारा ते परत घेऊ शकत असे.

१४.
हा फरक केवळ पुस्तकी नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि देणाऱ्याच्या जागी कंपनी सरकार आले. पटवर्धनांची तासगावची शाखा १८४८ मध्ये वारसावाचून राहिली आणि कंपनीने तिचा मुलूख खालसा केला. सरंजाम म्हणजे काय, ते तासगावने असे स्वतःच्या अंगावर अनुभवले. नगर हवेलीत मात्र उलटे घडले. तिथला सरंजामदार युरोपातला राजा होता. इंग्रजांनी त्याच्या ताब्याला कधी हात लावला नाही; व्यवहारात ती पोर्तुगीज भूमीच आहे असे धरून चालले. एकाच प्रकारच्या सनदेतून निघालेले दोन मुलूख अशा रीतीने दोन वेगळ्या वाटांनी गेले.

१५.
दरम्यान पोर्तुगालवर आणखी एक आघात झाला. १८२२ मध्ये ब्राझील स्वतंत्र झाले. तिथली जंगले आणि तिथल्या गोद्या गेल्या. पाठोपाठ खुद्द पोर्तुगालात गादीसाठी यादवी माजली. या काळात जे आरमार उरले होते त्याला जहाज हवे, तर दमणची गोदी आणि तिच्यामागचे नगर हवेलीचे रान हाच एक भरवशाचा आधार होता. १८३२ मध्ये दमणला एका मोठ्या फ्रिगेटचे काम सुरू झाले. ते पुरे होईपर्यंत अकरा वर्षे गेली.

१६.
या कामावर देखरेख करणारा अधिकारी गोव्याच्या शाही गोदीतला जिल जुझे द कोन्सेसांव. प्रत्यक्ष बांधणीचा मुख्य कारागीर होता एक हिंदी माणूस. पोर्तुगीज कागदांत त्याचे नाव ‘यादो सेमोजी’ असे उतरले आहे. परक्या लिपीत शिरताना मूळ नाव थोडे वाकले असणारच. त्याच्या हाताखाली पोर्तुगीज आणि हिंदी कामगार होते. एवढ्या मोठ्या कामात कारागिरांपैकी एकाचे तरी नाव कागदावर टिकले, हे आपले भाग्य म्हणायचे. वसई, दमण आणि गोव्याच्या गोद्यांत आयुष्य घातलेल्या हजारोंच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

१७.
२२ ऑक्टोबर १८४३ रोजी जहाज दमणला पाण्यात सोडले गेले. नाव ठेवले ‘दोम फर्नांदो द्वितीय इ ग्लोरिया’. नावाचा पहिला भाग राणी मारिया दुसरी हिचा पती राजा फर्नांदो याचा, आणि ‘ग्लोरिया’ हे राणीच्या स्वतःच्या नावातले. दमणहून ते गोव्याला नेऊन तीन डोलकाठ्यांचे पूर्ण जहाज म्हणून सजवले. त्यावर ५० तोफा होत्या. २ फेब्रुवारी १८४५ रोजी त्याने गोवा सोडले आणि ४ जुलैला ते लिस्बनला पोहोचले. नगर हवेलीचा साग पाच महिन्यांत युरोपच्या पश्चिम टोकाला जाऊन लागला.

१८.
पुढची तेहतीस वर्षे हे जहाज फिरत राहिले. सैनिक, अधिकारी, वसाहतीत निघालेली कुटुंबे आणि शिक्षा झालेले कैदी या सर्वांची त्याने वाहतूक केली. एकूण प्रवास एक लाख सागरी मैलांहून अधिक, म्हणजे पृथ्वीला जवळजवळ पाच प्रदक्षिणा. १८७८ मधली त्याची शेवटची सफर प्रशिक्षणार्थींना घेऊन निघाली होती. त्या सफरीत अझोर्स बेटांजवळ आग लागलेल्या एका अमेरिकन जहाजावरील खलाशांना त्याने वाचवले. तोवर वाफेची लोखंडी जहाजे आली होती. निव्वळ शिडांवर चालणारे पोर्तुगीज आरमाराचे हे अखेरचे लढाऊ जहाज ठरले, आणि ‘कारेरा द इंडिया’च्या मार्गावरचेही अखेरचे.

१९.
सफरी थांबल्यावरही ते मोडीत काढले नाही. अनेक दशके ते आरमाराची तोफखाना शाळा म्हणून नांगरून उभे होते, आणि १९४० च्या दशकात गरीब मुलांना दर्यावर्दी कामाचे शिक्षण देणारी संस्था त्यावर सुरू झाली. आपल्या किनाऱ्याच्या सागाचा हा टिकाऊपणा अपवादात्मक नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये इंग्रजांसाठी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे. युरोपीय आरमारांच्या संग्रहालयांत आपल्या किनाऱ्यावरच्या गोद्यांचा मोठा वाटा असा शिल्लक आहे.

२०.
आता १९५४. इंग्रज जाऊन सात वर्षे झाली होती, पोर्तुगीज मात्र गोवा, दमण, दीव आणि दादरा व नगर हवेली धरून बसले होते. त्यांची एक दुखरी नस होती : दमणचा किनारा आणि नगर हवेली यांच्यामध्ये भारताची भूमी होती. दादरा जुलैमध्ये मुक्त झाले. २ ऑगस्टला मुक्तिसैनिक सिल्वासात शिरले. आझाद गोमंतक दल आणि त्यांच्याबरोबरच्या स्वयंसेवकांत महाराष्ट्रातले अनेक तरुण होते. संगीतकार सुधीर फडके आणि इतिहासकार बाबासाहेब पुरंदरे हे त्यांपैकी दोन. भारताने आपल्या हद्दीतून पोर्तुगीज फौजेला वाट दिली नाही, आणि दमणची कुमक दमणलाच अडकून पडली.

२१.
ज्या राष्ट्राने एकेकाळी इतरांना समुद्रावर परवाने विकले, त्यालाच आता काही मैलांच्या जमिनीवरून जाण्यासाठी परवाना हवा होता. त्याच्या आरमाराचा इथे काही उपयोग नव्हता. २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला : नगर हवेली आमच्या सार्वभौम सत्तेखाली आहे, तिथे जायचा मार्ग हा आमचा हक्क आहे आणि भारताने तो अडवला. आधार कोणता? १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा. पकडलेल्या ‘सांताना’चे भूत पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये उभे राहिले.

२२.
न्यायमूर्तींपुढे तहाचे वेगवेगळे पाठ आले आणि मराठी राज्याच्या दप्तरी भाषेचा बारकाईने कीस पडला. भारताच्या वतीने खास न्यायाधीश म्हणून एम. सी. छागला बसले होते. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणाले, तहाच्या शब्दांतून सार्वभौमत्व दिल्याचे दिसत नाही. मराठ्यांना जेव्हा मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे, तेव्हा ते तसे स्पष्ट लिहीत, आणि अशी उदाहरणे उपलब्ध होती. इथे दिला होता तो वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाचा जहागीर किंवा सरंजाम या प्रकारचा वसुली हक्क. अशा देणगीतून सार्वभौमत्व गेल्याचे एकही उदाहरण न्यायालयापुढे आले नाही.

२३.
निकाल एकतर्फी नव्हता, हेही नीट समजून घ्यायला हवे. इंग्रजांच्या काळात पोर्तुगालचे सार्वभौमत्व व्यवहारात मानले गेले होते, हे न्यायालयाने मान्य केले. त्यामुळे खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाट मिळण्याचा हक्क पोर्तुगालला होता, असे ठरले. सशस्त्र फौज, शस्त्रधारी पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी मात्र तसा हक्क नव्हता. या मुद्द्यावर मते आठ विरुद्ध सात अशी पडली. भारताने आपले कोणतेही कर्तव्य मोडले नाही, असाही निर्णय झाला. म्हणजे सिल्वासा परत घ्यायला फौज पाठवण्याचा मार्ग कायद्यानेही बंद झाला.

२४.
११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली भारतात विलीन झाले. त्याच वर्षी डिसेंबरात ‘ऑपरेशन विजय’ सुरू झाले. गोव्यात पोर्तुगीज आरमाराचे एकच मोठे जहाज होते : ‘अफोन्सो द आल्बुकेर्क’. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्याचेच नाव. ते १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये बांधून घेतले होते. जगाला जहाजे दाखवणारा देश आता आपली मोठी जहाजे दुसऱ्याकडून घेत होता. १८ डिसेंबरला मुरगावच्या पाण्यात भारतीय नौदलाच्या ‘बेटवा’ आणि ‘बिआस’ यांच्याशी त्याची गाठ पडली. जुने जहाज झुंजले, कप्तान आरागांव जखमी झाला आणि जहाज किनाऱ्याला लावावे लागले.

२५.
दमणलाही पोर्तुगीजांची एक गस्ती नौका होती, ‘आंतारेस’. तिने लढण्याऐवजी कराचीची वाट धरली. ज्या दमणने पोर्तुगालला त्याचे अखेरचे शिडांचे लढाऊ जहाज दिले, तिथून त्याचे आरमार असे निघून गेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याची शरणागती झाली आणि साडेचारशे वर्षांचा हा अध्याय संपला. दोन्ही बाजूंच्या ज्या खलाशांनी आणि सैनिकांनी त्या दोन दिवसांत प्राण गमावले, त्यांच्या वाट्याला या इतिहासातले सर्वांत थोडे शब्द आले आहेत.

२६.
आणि ती दमणची फ्रिगेट? ३ एप्रिल १९६३ रोजी, गोवा सुटल्यावर सव्वा वर्षाने, लिस्बनमध्ये तिला आग लागली. वरचा भाग जळून गेला. उरलेला सांगाडा तागुस नदीच्या चिखलात जवळजवळ तीस वर्षे रुतून पडला. १९९२ मध्ये तो पुन्हा तरंगवला गेला, दुरुस्तीचे प्रचंड काम हाती घेतले गेले आणि १९९८ मध्ये जहाज नव्याने सजून लोकांसमोर आले. आज ते लिस्बनसमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर, काशिल्यास येथे कोरड्या गोदीत संग्रहालय म्हणून उभे आहे. एवढी वर्षे आग, पाणी आणि चिखल सोसूनही त्याचा कणा दुरुस्तीला योग्य राहिला, याचे श्रेय लाकडाला आणि ते जोडणाऱ्या हातांना.

२७.
या साऱ्या कथेत एक गोष्ट ठळकपणे दिसते. लहान राष्ट्राची सागरी सत्ता त्याच्या स्वतःच्या भूमीवर फार थोडी उभी होती. तिला लाकूड दुसऱ्याचे लागले, कारागीर दुसऱ्याचे लागले आणि ते मिळवण्यासाठी दुसऱ्याच्या दरबारातून सनद लागली. म्हणून पोर्तुगीज आरमाराचा इतिहास केवळ लिस्बनच्या दप्तरखान्यात पुरा होत नाही. त्याची काही पाने पुण्याच्या दप्तरात आहेत आणि काही नगर हवेलीच्या रानात होती. आपण मराठी वाचकांनी तो परक्यांचा इतिहास म्हणून बाजूला ठेवला, तर आपलीच पाने आपण हरवू.

२८.
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना एक विनंती. आपल्या भागातल्या सनदा, इनामपत्रे, सरंजामाच्या याद्या वाचताना ‘हे तर नुसते वसुलाचे कागद’ म्हणून पाने उलटू नका. वसूल दिला की मुलूख दिला, हा प्रश्न एका शब्दावर तोलला गेला आणि तो शब्द नेमका लिहून ठेवणारा कारकून पुण्याच्या दरबारातला होता. तासगावच्या देवळाचा पाया घातला जात असताना पुण्यात कोणीतरी ते कलम लिहिले. मोडी शिका. उद्या कोणत्या कागदाला कोणत्या न्यायालयात साक्ष द्यावी लागेल, ते सांगता येत नाही.

धागा समाप्त. आवडला तर आपल्या मित्रांपर्यंत पोहोचवा, आणि तुमच्या गावच्या सरंजामाची काही नोंद ठाऊक असेल तर खाली अवश्य लिहा.